कालगणनांचा दुभाषी : शंकर बाळकृष्ण दीक्षित

शहापूर तालुक्यातील भातसानगर ओळखले जाते ते मुंबईला पाणी पुरविणाऱ्या भातसा धरणामुळे. मुंबई महापालिकेच्या तक्त्यात या जलाशयातील पुरा उपयुक्त साठा ७,१७,०३७ दशलक्ष लिटर असा दिसतो. पाटबंधाऱ्यांच्या रूढ मापात तोच आकडा सुमारे ७१७ दशलक्ष घनमीटर होतो. दोन कार्यालयांच्या नोंदी एकत्र करण्यास हजाराने भागणे पुरते, कारण दोन्ही मापांचे मूळ एकच आहे. भारताच्या इतिहासातील तारखांना मात्र असे सोयीचे मूळ दीर्घकाळ हाताशी नव्हते. ते सर्वांच्या हाती देण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत शंकर बाळकृष्ण दीक्षित या शाळामास्तरांचे स्थान फार वरचे आहे.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीजवळील मुरूड येथे झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते शिक्षक झाले. मॅट्रिकच्या पलीकडे विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि अखेरीस पुणे असा त्यांच्या नोकरीचा प्रवास झाला. अध्यापन सांभाळून त्यांनी ज्योतिषाचे संस्कृत ग्रंथ अभ्यासिले. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह सायन पंचांगाच्या कार्यातही ते सहभागी होते.

त्यांच्यापुढचा प्रश्न समजण्यास एक परिचित उदाहरण पुरेल. महाराष्ट्रात कृष्णजन्माष्टमी श्रावण वद्य अष्टमीस येते. उत्तरेत तोच दिवस भाद्रपद कृष्ण अष्टमीचा असतो, कारण तेथे महिना पौर्णिमेस संपतो, आपल्याकडे अमावास्येस. गुजरातेत विक्रम संवताचे वर्ष कार्तिकात बदलते, उत्तरेत चैत्रात. त्यामुळे वर्षाच्या काही महिन्यांत दोहोंचे आकडे एकाने भिन्न राहतात. कोठे चालू वर्ष लिहिण्याची रीत, तर कोठे सरलेले. हिजरी वर्ष ३५४ वा ३५५ दिवसांचे. पेशवाईतील कागदांवर शुहूर सन आणि मुसलमानी महिने येतात. अशा स्थितीत नुसता आकडा उतरवून घेणाऱ्याची फसगत ठरलेलीच.

या घोळाचे सर्वांत मोठे उदाहरण गुप्त संवताचे होते. त्याचा आरंभ कोणी इसवी सन ७७ च्या सुमारास धरी, कोणी १६६, कोणी १९०, तर कोणी ३१९ च्या सुमारास. परिणामी एकाच राजाचा काळ सुमारे अडीचशे वर्षे मागेपुढे सरके. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी आणि पुराभिलेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी गुप्तांचे लेख संपादित करताना तारखांची गणिते दीक्षितांकडून करून घेतली. मध्य प्रदेशातील एरण येथे बुधगुप्ताच्या काळातील स्तंभलेख आहे. त्यावर वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असा उल्लेख आहे. संवताचा आरंभ ३१९-२० मध्ये धरल्यास ही तिथी २१ जून ४८४ या दिवशी येते, आणि तो दिवस गुरुवारच निघतो. १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लीट यांच्या ग्रंथाने हा आरंभ पक्का केला. वार जुळणे ही गणिताची स्वतंत्र साक्ष होती.

पुढे मद्रासचे सनदी अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह दीक्षितांनी ‘द इंडियन कॅलेंडर’ हा ग्रंथ सिद्ध केला. १८९६ साली तो लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. इसवी सन ३०० ते १९०० या सोळाशे वर्षांची कोष्टके त्यात आहेत. वर्षारंभीची सूर्यचंद्रांची स्थिती कोष्टकातून घ्यावी, त्यात गेलेल्या दिवसांचे अंक मिळवावे, म्हणजे तिथी आणि वार हाती येतात. प्रत्येक कालगणनेची प्रत्येक दुसरीशी गाठ घालण्याची आवश्यकता उरली नाही. पाच कालगणनांसाठी दहा जोड्या बसविण्याऐवजी पाचही एकाच दिवसक्रमाशी जोडल्या की पुरे. आपल्या सिद्धांतग्रंथांतील अहर्गण, म्हणजे ठरावीक आरंभापासून गेलेल्या दिवसांची संख्या, हीच ती कल्पना होय.

आजचे संगणक तारीख बहुधा याच पद्धतीने साठवितात. एक्सेल हे तक्त्यांचे सॉफ्टवेअर १९०० सालापासून दिवस मोजते. जुन्या मॅकिंटॉश संगणकांवर तेच १९०४ पासून मोजत असे. आरंभ न पाहता आकडे एका तक्त्यातून दुसऱ्यात नेले, तर प्रत्येक तारीख १,४६२ दिवसांनी चुकते. आकडा बरोबर असतो. तो कोणत्या संकेताने लिहिला, हे सोबत आलेले नसते. एका ठिकाणची माहिती दुसरीकडे वापरायची, तर आकड्याबरोबर त्याचा संकेतही न्यावा लागतो. शिलालेखांसमोर बसून दीक्षित प्रथम तोच संकेत शोधीत.

त्याच १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. वेदकाळापासून आपल्या काळापर्यंतचा ज्योतिषाचा इतिहास त्यांनी त्यात मांडला. पुढे त्याची हिंदी व इंग्रजी भाषांतरे झाली. सामान्य वाचकांसाठी त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले. या दोन मोठ्या ग्रंथांनंतर अवघ्या दोन वर्षांत, १८९८ साली, पंचेचाळिशी गाठण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. वेधशाळा वा मोठे अधिकारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. परंतु प्राचीन भारतातील राजांची कारकीर्द आज आपण निःशंकपणे इसवी सनात लिहितो, त्यामागे या शिक्षकाने केलेली आकडेमोड आहे.