अश्वशक्तीपेक्षा आयुष्य मोलाचे : ‘टेम्पो’चे नवलमल फिरोदिया

ठाणे, प्रतिनिधी

नौपाड्यातील एखादी जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी होऊ लागली, की तिच्या दारात सर्वप्रथम येऊन उभा राहतो तो टेम्पो. कपाटे, पलंग, शिलाई मशीन, देव्हारा आणि तुळशीची कुंडी असा चाळीस-पन्नास वर्षांचा संसार तासाभरात त्याच्या हौद्यात रचला जातो. गोखले रोडवरील दुकानांत उतरणारा माल असो, जांभळी नाक्याच्या बाजारातून निघालेली भाजी असो किंवा गणेशोत्सवात घंटाळीच्या दिशेने निघालेली मूर्ती असो, टेम्पोवाचून या वस्तीचे पान हलत नाही. लहान मालवाहू वाहन कोणत्याही कंपनीचे असले, तरी मराठी माणूस त्याला टेम्पोच म्हणतो. हा शब्द मूळचा मराठी नाही. तो हॅम्बुर्गजवळच्या हारबुर्ग येथील एका जर्मन कारखान्याचे व्यापारी नाव होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. जर्मनीच्या बाजारातून ते नाव केव्हाच पुसले गेले. महाराष्ट्राच्या बोलीत ते कायमचे रुजले, आणि त्याचे श्रेय मुख्यतः ज्यांच्याकडे जाते ते उद्योगपती म्हणजे नवलमल कुंदनमल फिरोदिया.

टेम्पो घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. चढावर न दमणारे, अधिक अश्वशक्तीचे इंजिन घ्यावे, की कमी ताकदीचे पण वर्षानुवर्षे काम न काढणारे? पहिल्यात रोजच्या फेऱ्या वाढण्याची आशा असते, तर दुसऱ्यात कर्ज फिटेपर्यंत गाडी उभी राहणार नाही याची शाश्वती. फिरोदियांच्या उद्योगजीवनाचा मोठा भाग या प्रश्नाभोवती फिरत राहिला.

वकिलीतून कारखानदारीकडे

नवलमल यांचा जन्म ९ सप्टेंबर १९१० रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे झाला. वडील कुंदनमल हे तेथील नामवंत वकील व स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्ते होते. पुढे १९४६ ते १९५२ या काळात त्यांनी मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद भूषविले. घरातील हा वारसा नवलमल यांनीही चालविला. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वकिली केली, स्वातंत्र्य चळवळीत उडी घेतली आणि १९४२ च्या आंदोलनात तुरुंगवास भोगला.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर त्यांनी काळा कोट बाजूला ठेवून यंत्रांच्या दुनियेत पाऊल टाकले. ‘जय हिंद इंडस्ट्रीज’ या १९४७ मध्ये सुरू झालेल्या उद्योगाच्या नावातच त्या काळाची भावना उमटली होती. त्यांच्यापाशी अभियांत्रिकीची पदवी नव्हती, पण वकिलाची एक सवय होती. कोणताही दावा मान्य करण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजू तपासून पाहायच्या. वाहनउद्योगात ही सवय त्यांच्या कामी आली असावी, असे त्यांची पुढील वाटचाल पाहता वाटते.

माणसाने माणसाला ओढून नेणे हे स्वतंत्र देशाला शोभणारे नाही, हा विचार त्या काळी अनेकांना अस्वस्थ करीत होता. इटलीतील पियाजिओ कंपनी स्कूटरच्या यंत्रावर तीन चाकांचे मालवाहू वाहन बनवीत असे. फिरोदियांनी ते मागवून घेतले, त्यावर प्रवाशांसाठी आसन बसविले आणि १९४८ च्या सुमारास मुंबई प्रांताचे तत्कालीन गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्यापुढे त्याचे प्रात्यक्षिक घडविले. १९५० च्या दशकाच्या आरंभी पुण्यात ही वाहने धावू लागली. ‘ऑटोरिक्षा’ या नावाचे जनकत्वही फिरोदियांनाच दिले जाते. त्यांचे बंधू हस्तीमल यांनी पुढे ‘कायनेटिक’ची उभारणी केली आणि १९७२ मध्ये ‘लुना’ रस्त्यावर आणली.

तीन चाके, दोन सिलिंडर

मालवाहतुकीच्या क्षेत्रातील खरा टप्पा आला तो १९५८ मध्ये. जर्मनीतील ‘विडाल अँड सोहन टेम्पो वेर्के’ या कंपनीच्या सहकार्याने ‘बजाज टेम्पो’ची स्थापना झाली आणि मुंबईत गोरेगाव येथे ‘हानसिआट’ या तीनचाकी टेम्पोचे काम सुरू झाले. कालांतराने कंपनीचे मुख्य केंद्र पुण्याजवळील आकुर्डी येथे गेले.

हानसिआटचे यंत्र आजच्या नजरेने पाहिले तर चकित व्हायला होते. सुमारे ४०० घनसेंटिमीटरचे, दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन आणि त्याची ताकद पंधरा अश्वशक्तीच्या आतबाहेर. आजची एखादी साधी मोटारसायकल तेवढी शक्ती सहज देते. इंजिन पुढच्या एकुलत्या चाकावर बसविलेले आणि त्याच चाकाला साखळीने गती दिलेली. पोटाखालून मागे जाणारा लांब दांडा नसल्याने हौदा जमिनीलगत राही. हमालाला पोते फार उंच उचलावे लागत नसे आणि अरुंद गल्लीत गाडी जवळजवळ जागच्या जागी वळे.

टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नसतात, हलणारे भाग मोजकेच असतात. रस्त्याकडेचा मिस्त्रीही ते खोलून, काजळी काढून, रिंगा बदलून पुन्हा जोडू शके. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळणे ज्या काळी दुर्मीळ होते, त्या काळी हा मोठाच गुण होता. मात्र या इंजिनाची दुसरी बाजूही होती. पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे, धूर फार होई आणि इंधनही अधिक लागे. भरलेला टेम्पो चढावर रांगत असे. तरीही तो विकला गेला, कारण त्याची खरी तुलना ट्रकशी नव्हतीच, ती हातगाडी आणि बैलगाडीशी होती.

त्या दिवसांत वाहन केवळ पैसे मोजून मिळत नसे. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरे आणि ग्राहकाला नोंदणी करून वाट पाहावी लागे. एक गाडी निकामी झाली म्हणजे दुसरी लगेच दारात येईल, अशी सोय नव्हती. टिकाऊपणाला एवढे महत्त्व येण्यामागे हेही एक कारण होते.

मॅटाडोरचे दिवस

१९६० च्या दशकाच्या अखेरीस उद्योगातील समीकरणे बदलली. बजाज आणि फिरोदिया या दोन घराण्यांचे मार्ग हळूहळू वेगळे झाले. ‘बजाज ऑटो’ची सूत्रे १९६८ मध्ये राहुल बजाज यांच्याकडे गेली, तर ‘बजाज टेम्पो’चा कारभार फिरोदियांकडे राहिला. जर्मनीतील मूळ टेम्पो कारखाना तोवर प्रथम हानोमाग आणि त्यानंतर डेमलर-बेंझ या मोठ्या कंपनीच्या पोटात सामावला जात होता.

१९६९ मध्ये आलेल्या ‘मॅटाडोर’ने चारचाकी टेम्पोला घरोघरी पोचविले. लग्नाचे वऱ्हाड, शाळेची मुले, दुधाचे कॅन, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, सारे काही मॅटाडोरमधून जाऊ लागले. येथेही गती पुढच्या चाकांना होती आणि हौदा खाली होता. परंतु मागे ओझे वाढले आणि समोर घाट आला, की भार मागे सरके, पुढच्या चाकांवरचा दाब कमी होई आणि ती जागच्या जागी फिरू लागत. ठाण्याहून नाशिकला माल नेणाऱ्याला कसारा घाटात या रचनेची परीक्षा द्यावी लागे. माल चढवण्या-उतरवण्याची सोय आणि घाटातील पकड यांत कंपनीने पहिलीला झुकते माप दिले होते.

जुन्या इंजिनाची नवी निवड

या कथेतील सर्वांत बोलका निर्णय १९८२ च्या सुमारास घेतला गेला. कंपनीने डेमलर-बेंझशी करार करून ‘ओएम ६१६’ हे डिझेल इंजिन भारतात बनविण्याचे ठरविले. चार सिलिंडरचे, २४०४ घनसेंटिमीटरचे हे इंजिन मर्सिडीजच्या ‘२४० डी’ या मोटारीत १९७३ पासून बसविले जात होते. आरंभी त्याची शक्ती होती ६५ अश्वशक्ती, पुढे ती ७२ वर गेली. मर्सिडीजच्या मोटारीला ही शक्ती अपुरीच होती. थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला तिला २० सेकंदांहून अधिक वेळ लागे. तरीही युरोपपासून पश्चिम आशियापर्यंतच्या टॅक्सीचालकांनी तीच मोटार डोक्यावर घेतली, कारण ती लाखो किलोमीटर धावूनही थकत नसे.

या दीर्घायुष्याचे रहस्य तिच्या मंदपणातच दडलेले होते. मोठ्या आकाराच्या इंजिनातून थोडीच शक्ती घेतली, की दट्ट्या, रिंगा, बेअरिंग आणि सिलिंडरचे डोके यांवर ताण कमी पडतो. ज्वलन आधी एका लहान कप्प्यात सुरू होऊन मग सिलिंडरमध्ये पसरते, त्यामुळे धक्का सौम्य होतो. व्हॉल्व्हची यंत्रणा रबरी पट्ट्याऐवजी दुहेरी साखळीवर चालते, ती अचानक तुटण्याचे भय कमी. टर्बोचार्जर नाही, त्यामुळे त्याची दुरुस्तीही नाही. तेल आणि फिल्टर वेळेवर बदलले, डिझेल स्वच्छ ठेवले, की इंजिन आपले काम मुकाट्याने करीत राहते.

१९८० च्या दशकाच्या मध्यास जपानी सहकार्याने बनलेले हलके ट्रक बाजारात आले. स्वराज माझदा, डीसीएम टोयोटा, ऑल्विन निस्सान आणि आयशर मित्सुबिशी अशी ती नावे होती. १९८६ मध्ये टाटांचा ‘४०७’ही अवतरला. या चुरशीत बजाज टेम्पोने अधिक अश्वशक्तीच्या शर्यतीत धाव घेतली नाही. १९८७ मध्ये मर्सिडीजच्याच व्हॅनवर आधारलेली ‘ट्रॅव्हलर’ आणली. मॅटाडोरप्रमाणेच या नव्या पिढीचा भारही ओएम ६१६ च्या घराण्याने वाहिला.

हिशेबाची दुसरी बाजू

फिरोदियांच्या मार्गाचे निव्वळ गुणगान करणे मात्र न्याय्य ठरणार नाही. कमी शक्तीच्या गाडीवर क्षमतेपेक्षा अधिक ओझे लादले, तर तिचे आयुष्यही झपाट्याने घटते. सतत खालच्या गिअरमध्ये रेटलेले इंजिन तापते, क्लच प्लेट जळते, पाटे तुटतात. म्हणजे टिकाऊपणासाठी निवडलेली गाडी वापरणाऱ्याच्या हव्यासापायी अल्पायुषी ठरू शकते. उलट, गरजेपुरती शक्ती राखून असलेले इंजिन घाटातही निवांत चालते आणि म्हणूनच टिकते. प्रश्न केवळ अश्वशक्तीचा नसून ओझे आणि शक्ती यांच्या प्रमाणाचा आहे.

दुसरी अडचण हवेची. एकच रचना वर्षानुवर्षे चालविली, की मिस्त्री तयार होतात, सुटे भाग स्वस्त होतात. पण तंत्रज्ञान जागच्या जागी राहते. टू-स्ट्रोक आणि जुन्या डिझेल इंजिनांच्या धुराची किंमत शहरांनी मोजली. गोखले रोडसारख्या दाट रस्त्यावर राहणाऱ्यांना ती वेगळी सांगायला नको. २००० नंतर प्रदूषणाचे निकष टप्प्याटप्प्याने कडक झाले आणि जुन्या रचनांना नवे रूप घ्यावे लागले किंवा निरोप घ्यावा लागला. नव्या इंजिनांचा धूर कमी झाला, परंतु त्यांत संगणक, संवेदक आणि धूर गाळणारी यंत्रणा आली. गाडी बंद पडली तर आता हातोडी-पान्याने भागत नाही.

नवलमल फिरोदिया यांचे २६ मार्च १९९७ रोजी निधन झाले. २००५ मध्ये बजाज टेम्पोचे नामांतर ‘फोर्स मोटर्स’ असे झाले आणि कंपनीच्या नावातून टेम्पो हा शब्द गेला. योगायोग असा, की त्याच वर्षी टाटांचा ‘एस’, अर्थात ‘छोटा हत्ती’ बाजारात उतरला. सुमारे ७०० घनसेंटिमीटरचे, दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन आणि शक्ती अवघी १६ अश्वशक्ती. जवळजवळ अर्धशतकानंतर गाडी पुन्हा हानसिआटच्याच आकड्यापाशी येऊन थांबली होती. आजही अडीच लिटर इंजिनाच्या बोलेरो पिकअपमधून पाऊणशे अश्वशक्तीच्या आसपासच शक्ती घेतली जाते. त्याच आकाराच्या मोटारीच्या इंजिनातून त्याच्या दुप्पट शक्ती काढता येत असूनही मालवाहू गाडीला ती दिली जात नाही, यामागे तोच जुना हिशेब आहे.

हा हिशेब सोपा आहे. गाडी घेणाऱ्याचे घर तिच्या फेऱ्यांवर चालते. घाटात दहा मिनिटे उशीर झाला, तर भाड्यात फारसा फरक पडत नाही. इंजिनाचे काम निघून गाडी पंधरा दिवस गॅरेजमध्ये पडली, तर हप्ता थकतो, ठरलेले गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते आणि मुलांच्या शाळेची फी लांबते. वकिली सोडून यंत्रांकडे वळलेल्या फिरोदियांचा उद्योग या माणसाच्या भरवशावर उभा राहिला आणि त्याला भरवसा देत वाढला.

नौपाड्यात आता रोज नवे मनोरे उभे राहत आहेत. त्यांच्या पायथ्याशी संसार उतरविणाऱ्या गाड्यांवर नावे निरनिराळ्या कंपन्यांची आहेत, काहींत तर इंजिनाऐवजी बॅटरी आहे. तरीही दुसऱ्या मजल्यावरून खाली वाकून गृहिणी विचारते ती टेम्पो आला का, एवढेच. हारबुर्गहून आलेल्या या शब्दाला येथे घर मिळवून देणारा माणूस बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. त्याने रूढ केलेले वाहन मात्र रोज दारात येऊन उभे राहते.