राजवाडे आणि मंडळाचे वार्षिक इतिवृत्त

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे नाव घेतले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर गावोगाव दप्तरांसाठी हिंडणारा एक विक्षिप्त, कोपिष्ट आणि निःस्पृह पुरुष उभा राहतो. हे चित्र खोटे नाही. मात्र त्याच्या ठसठशीतपणामुळे त्यांच्या चरित्रातील एक कमी रंजक अंग झाकले गेले आहे. सभासद, वर्गणी, चिटणीस, जमाखर्च आणि वार्षिक अहवाल यांवर चालणाऱ्या संस्थेची गरज ज्यांनी फार लवकर ओळखली, त्यांत राजवाडे होते. आणि अशा संस्थेत नांदणे ज्यांना साधले नाही, त्यांतही ते होते. या दोन गोष्टींमधील ताण लक्षात घेतल्याखेरीज त्यांच्या लेखनाची आजची अवस्था नीट समजत नाही.

राजवाड्यांचा जन्म १८६३ साली तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील वरसई येथे झाला. वडील लहानपणीच वारले. १८८२ मध्ये ते मॅट्रिक झाले; पण पदवी मिळण्यास पुढे आठ-नऊ वर्षे लागली. हा विलंब बुद्धिमांद्याचा नव्हता. नेमलेली पुस्तके बाजूला सारून ग्रंथालयातील आपल्या आवडीचे ग्रंथ वाचण्याची सवय त्यांना डेक्कन कॉलेजात जडली होती. कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील आपल्या अनुभवांवर त्यांनी पुढे जे लिहिले, त्यात त्या काळच्या शिक्षणसंस्थांची जी झडती घेतली आहे तीत शिक्षक, अभ्यासक्रम, परीक्षा यांपैकी काहीही सुटलेले नाही. संस्था नावाच्या वस्तूविषयीचा त्यांचा अविश्वास येथपासूनचा आहे. पदवीनंतर काही काळ त्यांनी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकविले आणि ती नोकरी सोडली. ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले, त्यासाठी प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चे मराठी रूपांतर केले, तेही काही वर्षांत बंद पडले. दरम्यान पत्नीचे निधन झाले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही, आणि घर, नोकरी व नियतकालिक या तिन्ही पाशांतून हा माणूस मोकळा झाला.

वाई येथे पानिपतच्या काळातील मूळ पत्रांचा संग्रह हाती लागला आणि या मोकळेपणाला दिशा मिळाली. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. पुढे या मालेचे एकूण बावीस खंड निघाले. या कामाचे स्वरूप आजच्या वाचकाला सहज कल्पिता येणार नाही. रुमालात बांधलेली मोडी पत्रे मिळवावयाची म्हणजे आधी त्या घरातील माणसांचा संशय दूर करावयाचा. इनाम, वतन किंवा भाऊबंदकीतील दावा यांपैकी कशाला तरी या कागदांमुळे बाध येईल, अशी धास्ती जुन्या घराण्यांना असे. कागद हाती आल्यावर मोडीचे बाळबोध करावयाचे. त्यानंतरची अडचण तर याहून बिकट : बहुसंख्य पत्रांत मुसलमानी महिना व चंद्र लिहिलेला असतो, वर्ष लिहिलेले नसते. मजकुरातील एखादी मोहीम, एखादा मृत्यू, एखादा नजराणा यांचा धागा धरून वर्ष ठरवावयाचे आणि जंत्रीशी ताडून पाहावयाचे. हे सारे राजवाडे एकट्याने करीत. ना मदतनीस, ना वेतन, ना सरकारी आश्रय. इंग्रजी उत्तम जाणत असूनही त्यांनी आपले संशोधन मराठीतच मांडण्याचा निर्धार कधी मोडला नाही.

या एकाकी उद्योगाचे तोटे त्यांनाच सर्वांत आधी जाणवले. साधनखंड एका ठिकाणाहून, एका प्रकाशकाकडून निघू शकले नाहीत. विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाले’सारख्या नियतकालिकांनी मोठा आधार दिला, तरी जेथे छपाईची सोय होईल तेथे खंड द्यावा, अशीच स्थिती राहिली. मूळ कागदांचे काय, हा प्रश्न याहून कठीण होता. जमविलेली दप्तरे स्नेह्यांच्या घरी, निरनिराळ्या गावी ठेवावी लागत. ज्या वाड्यातील वाळवीपासून कागद सोडवून आणले, त्याच वाळवीच्या स्वाधीन ते दुसऱ्या वाड्यात करण्यासारखे हे होते. संशोधकाचे आयुष्य सरले की संग्रहाचे काय होणार, याची शाश्वती कोणालाच नव्हती.

त्याच पिढीतील इतर दोघांनी याला दिलेली उत्तरे येथे लक्षात घेण्यासारखी आहेत. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेत राहून पटवर्धन दप्तराचे एकच क्षेत्र पत्करले आणि १८९७ पासून मृत्यूपर्यंत ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे भाग चिकाटीने काढले. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी संस्थानिक आणि सरकार यांच्याशी सख्य राखले. त्यांचा संग्रह साताऱ्याच्या ऐतिहासिक संग्रहालयात गेला आणि १९३९ मध्ये तेथून डेक्कन कॉलेजात आला. राजवाड्यांना एक क्षेत्र पुरणारे नव्हते, आणि सरकारी आश्रय तर त्यांच्या तत्त्वातच बसत नव्हता. उरला तिसरा मार्ग, तो लोकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेचा.

७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांचे साहाय्य राजवाड्यांना लाभले होते. सरदार घराण्यातील हा गृहस्थ आणि कफल्लक संशोधक यांची जोडी वरवर विजोड वाटते, पण संस्थेच्या आरंभी ती नेमकी आवश्यक होती. एकाजवळ कल्पना व अधिकार होता, दुसऱ्याजवळ समाजातील पत होती. कागद देणारी जुनी घराणी संशोधकाच्या व्यासंगावर विश्वास ठेवीत नसत, ती आपल्या बरोबरीच्या माणसाच्या शब्दावर ठेवीत.

मंडळाच्या नावात महाराष्ट्र किंवा मराठा हा शब्द नाही, भारत हा शब्द आहे. मराठ्यांचा इतिहास हा भारताच्या इतिहासाचा भाग म्हणूनच अभ्यासावयाचा, ही राजवाड्यांची दृष्टी त्या नावात उतरली आहे. कामकाजाची रीत मात्र अगदी साधी होती. सभासदांनी ठराविक काळाने जमावे, सापडलेला कागद, ताम्रपट, शिलालेख किंवा पोथी पुढे ठेवावी, तिच्यावरील टिपण वाचावे, इतरांनी शंका घ्याव्यात. वर्षअखेरीस त्या सर्वांचे इतिवृत्त छापावे, वार्षिक संमेलन भरवावे आणि त्याचेही वृत्त काढावे. ही इतिवृत्ते शकाच्या वर्षांनी ओळखली जातात. शके १८३२ हे पहिले. अशा संस्थेच्या वार्षिक कारभाराचे बाकीचे अंग सर्वत्र सारखेच असते : सभासदांची नामावली, थकलेली वर्गणी, देणगीदाखल आलेली दप्तरे व त्यांच्या दात्यांची नावे, हिशेबतपासनिसाचा दाखला, नव्या कार्यकारी मंडळाची निवड. १८६० च्या संस्था-नोंदणी कायद्यानेही नोंदणीकृत संस्थेवर मुख्यतः एवढेच बंधन घातले होते, की तिच्या व्यवस्थापकांची यादी दरवर्षी सादर व्हावी. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानंतर हिशेबाची बंधने अधिक काटेकोर झाली.

या रूक्ष चौकटीत जे छापले गेले ते मात्र रूक्ष नव्हते. पहिल्या काही वर्षांची इतिवृत्ते आणि संमेलनवृत्ते चाळली तर राजवाड्यांच्या प्रज्ञेचा जणू कच्चा माल तेथे सापडतो. शब्दांच्या व्युत्पत्ती, ग्रामनामे, दानपत्रे, जुन्या मराठीतील प्रत्यय, एखाद्या घराण्याची वंशावळ, एखाद्या रूढीचे मूळ. प्रस्तावनांतील राजवाडे आवेशाने सिद्धान्त मांडतात, आणि तो सिद्धान्त पुष्कळदा पुराव्याच्या पुढे धावतो. इतिवृत्तांतील राजवाडे आखूड, नेमके आणि कागदाला धरून असतात. याचे कारण त्यांच्या स्वभावात नसून सभेच्या रचनेत असावे. समोर कागद ठेवला आहे, तो वाचू शकणारे चार जण बसले आहेत आणि त्यांतील एक जण हटकून शंका विचारणार आहे, अशा ठिकाणी विधान आपोआप आटोपशीर होते. मराठी गद्याच्या अभ्यासकांनी राजवाड्यांच्या शैलीची चर्चा केली ती बहुधा प्रस्तावनांच्या आधारे. या टिपणांकडे त्या मानाने दुर्लक्षच झाले आहे.

मंडळाच्या सभांना तोलामोलाची माणसे येत, याचे एकच उदाहरण पुरे. शिवकालाच्या कालनिर्णयाला कलाटणी देणारी जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये मंडळातर्फेच अभ्यासकांपुढे आणली आणि ती मंडळाच्या संमेलनवृत्तात छापली गेली. एका घराण्याच्या दप्तरातील ही याददास्त संस्थेच्या वार्षिक वृत्तात शिरली, म्हणूनच तिची छाननी होऊ शकली.

असे असूनही राजवाडे मंडळात फार काळ रमले नाहीत. मतभेद झाले आणि ते दूर झाले. त्यांच्या भक्तांनी याचा दोष मंडळाच्या संकुचितपणाला दिला, टीकाकारांनी राजवाड्यांच्या तापट स्वभावाला दिला. दोन्ही बाजूंत तथ्य असेल. परंतु व्यक्तींच्या पलीकडेही येथे एक विरोध आहे. संस्थेला बहुमताने चालावे लागते, आणि राजवाडे ज्या प्रकारचे संशोधन करीत होते त्यात बहुमताला स्थान नव्हते. संस्था नियम करते तो सर्वांत सामान्य सभासदालाही पाळता यावा म्हणून. राजवाड्यांना स्वतःखेरीज दुसऱ्याने घातलेले बंधन मान्य नसे. त्यांनी स्वतःवर घातलेली बंधने कोणत्याही घटनेतील कलमांपेक्षा कठोर होती, हे खरे, पण ती ठरावाने इतरांना लागू करता येण्याजोगी नव्हती. पुढे मंडळाचे चिटणीसपद सुमारे तीन दशके सांभाळणारे दत्तो वामन पोतदार हे याच्या अगदी उलट प्रकृतीचे. त्यांनी आपल्या विद्वत्तेच्या मानाने थोडे लिहिले, संस्था मात्र चालविल्या. १९२० पासून मंडळाचे त्रैमासिक निघू लागले ते अशा माणसांच्या बळावर. राजवाड्यांच्या ग्रंथसंपदेशी पोतदारांच्या ग्रंथसंपदेची तुलना करून त्यांना उणे ठरविण्याची प्रथा न्याय्य म्हणता येत नाही.

राजवाड्यांचा एकटेपणा मराठी वाङ्मयाच्या अभ्यासाला किती महाग पडला, हे ज्ञानेश्वरीच्या प्रकरणावरून दिसते. बीडजवळ पाटांगण येथे त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथपूर्व आहे, इतकेच नव्हे तर मुकुंदराजांच्या परंपरेतील आहे, असे त्यांचे मत झाले. १९०९ मध्ये धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेकडून त्यांनी तिचे संपादन प्रसिद्ध केले आणि ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरणही लिहिले. या व्याकरणाने जुन्या मराठीच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घातला. पोथीच्या प्राचीनतेविषयी मात्र विद्वानांत वाद माजला, आणि तो मिटविण्याचे साधनच उरले नाही, कारण मूळ पोथी पुढे अभ्यासकांना उपलब्ध झाली नाही. १९६० मध्ये महाराष्ट्र शासनाने काढलेल्या आवृत्तीला आधार घेतला गेला तो राजवाड्यांच्या छापील संहितेचा. कागद कोणता, अक्षराचे वळण कसे, खाडाखोड कोठे, समास किती, या प्रश्नांची उत्तरे त्या छापील पानांत नाहीत. ती पोथी एखाद्या संस्थेच्या आवकवहीत क्रमांकासह नोंदली गेली असती, तर पुढच्या अभ्यासकाने ती मागवून पाहिली असती. मंडळ स्थापन झाले ते या संपादनानंतर वर्षभराने. राजवाड्यांच्या मनात या दोन घटनांचा काही संबंध होता की काय, हे सांगता येणार नाही, परंतु वाचकाच्या मनात तो जुळल्यावाचून राहत नाही.

मंडळापासून दूर झाल्यावरही त्यांच्या लेखणीला खंड पडला नाही. जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’चे संपादन १९२२ मध्ये, ‘महिकावतीच्या बखरी’चे १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले, दोहोंच्या प्रस्तावना स्वतंत्र ग्रंथांच्या योग्यतेच्या आहेत. विवाहसंस्थेच्या इतिहासावरील लेखांनी सनातनी वर्ग खवळला. शेवटचा काळ त्यांनी धुळ्यास काढला. तेथे शंकर श्रीकृष्ण देव, भास्कर वामन भट यांच्यासारखे स्नेही होते. धातूंच्या आणि नामांच्या व्युत्पत्तीचे प्रचंड काम टिपणांच्या रूपाने साचत चालले होते. ते पुरे होण्यापूर्वीच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर नऊ दिवसांनी, ९ जानेवारी १९२७ रोजी, धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. संस्थेचे बंधन न मानणाऱ्या माणसाच्या कागदांसाठी पुन्हा एक संस्था उभी राहिली, आणि तिचाही कारभार तोच : सभासद, देणग्या, वार्षिक सभा, हिशेब. १९३२ पासून ‘संशोधक’ हे तिचे नियतकालिक निघू लागले. राजवाड्यांची टिपणे लावून कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांनी १९३७ मध्ये धातुकोश सिद्ध केला, आणि १९४२ मध्ये नामादिशब्दव्युत्पत्तिकोश निघाला. १९५८ मध्ये साहित्य अकादमीने लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी संपादित केलेला निवडक लेखसंग्रह काढला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात धुळ्याच्या मंडळाने समग्र साहित्याचे तेरा खंड प्रसिद्ध केले. त्यांतील कित्येक छोट्या लेखांचे मूळ स्थान शोधू गेल्यास एकच उल्लेख पुनःपुन्हा भेटतो : भारत इतिहास संशोधक मंडळाचे इतिवृत्त, आणि पुढे शकाचे वर्ष.