मशीनवर ज्याचं नाव आहे तो सिंगर

आजीच्या काळ्या मशीनवर सोनेरी अक्षरांत ‘सिंगर’ लिहिलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण सिंगर नावाचा एक माणूस खरोखरच होऊन गेला, हे फारसं कुणाच्या मनात येत नाही. गांधीजींचा यंत्रांना विरोध होता, हे आपण शाळेत शिकलो. तरी 1924 साली एका संभाषणात त्यांनी या शिवणाच्या मशीनला मात्र अपवाद केला होता. बायको हाताने टाके घालून घालून दमते हे सिंगरला बघवेना, म्हणून तिच्यावरच्या प्रेमापोटी त्याने हे यंत्र केलं, अशी त्यांची समजूत होती. गोष्ट मोठी गोड आहे. पण मैत्रिणींनो, ती सिंगरची नाही.

आयझॅक मेरिट सिंगरचा जन्म 27 ऑक्टोबर 1811 चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या पिट्सटाऊनचा. वडील जर्मनीहून आलेले. आईवडील विभक्त झाले आणि हा बारा-तेरा वर्षांचा असताना घरातून निघून गेला. शाळा जेमतेमच. यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात उमेदवारी केली, हाताला हुनर होता, पण मन नाटकात! 1830 मध्ये त्याने कॅथरीन हेली नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. पुढे नाटक कंपनीबरोबर फिरताना बाल्टिमोरला त्याला मेरी अ‍ॅन स्पॉन्सलर भेटली. तिला लग्नाचं वचन दिलं. ती न्यूयॉर्कला आली तेव्हा कळलं, याला घरी बायको आणि मूल आहे. तरी ती त्याच्याबरोबर राहिली. खडकाला भोकं पाडायचं एक यंत्र त्याने 1839 मध्ये 2000 डॉलरला विकलं आणि ते पैसे स्वतःच्या नाटक मंडळीत घालवले. त्या मंडळीत मेरी अ‍ॅनही काम करायची. पाचेक वर्षं गावोगाव फिरले, पैसे संपले, पोरं मात्र वाढत गेली.

त्यानंतर त्याने छपाईची लाकडी अक्षरं कोरायचं यंत्र केलं. न्यूयॉर्कमध्ये जिथे ते ठेवलं होतं तिथला बॉयलर फुटला आणि यंत्राचा चुराडा झाला. जॉर्ज झीबर नावाच्या एका पुस्तकविक्रेत्याने पैसे लावले, यंत्र पुन्हा केलं आणि 1850 मध्ये दोघं ते घेऊन बोस्टनला ऑर्सन फेल्प्सच्या कारखान्यात आले. गिऱ्हाईक काही फिरकेना. पण त्याच कारखान्यात शिवणाची मशीनं दुरुस्तीला यायची. लेरो आणि ब्लॉजेट यांच्या बनावटीची ही मशीनं एकसारखी बिघडायची.

म्हणजे बघा, ज्या मशीनने पुढे जग जिंकलं, त्याचा जन्म दुरुस्तीच्या टेबलावर झाला! शिवणाचं मशीन काही सिंगरने शोधलं नाही. ते आधीच होतं, पण धड चालत नव्हतं. त्याने समोरचं मशीन न्याहाळलं. त्यातलं शटल गोल गोल फिरायचं, त्यामुळे दोऱ्याचा पीळ बिघडायचा. याने शटल पुढे-मागे सरळ रेषेत नेलं. सुई बाकदार होती आणि आडवी चालायची, ती सरळ केली आणि वर-खाली चालवली. कापड आडव्या पाटावर पसरलं आणि ते दाबून धरायला वरून पाय दिला. आपण आज मशीनवर बसतो तेव्हा हेच सगळं समोर असतं.

झीबरकडून 40 डॉलर घेऊन अकरा दिवसांत मशीन उभं केलं, असं सांगतात. शेवटच्या रात्री शिवायला घेतलं तर टाका बसेना, कापडावर दोऱ्याचे सैल वेढे पडायला लागले. कारागीर कंटाळून घरी गेले. सिंगर आणि झीबरही निघाले. वाटेत बसले असताना त्या सैल वेढ्यांचा विषय निघाला आणि सिंगरच्या एकदम लक्षात आलं, सुईच्या दोऱ्याला ताण द्यायचा राहिलाय. तसेच परत फिरले, ताण ठीक केला, पाच टाके घातले, आणि जमलं. 12 ऑगस्ट 1851 ला त्याला पेटंट मिळालं.

मला हा प्रसंग फार आवडतो, कारण आजही शिवणवर्गात निम्म्या तक्रारी याच असतात. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं की बायका बॉबीनला दोष देतात. खरं तर वरचा दोरा सैल असतो, नाहीतर तो ताणाच्या दोन गोल चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. मशीनचा पाय वर उचलून दोरा पुन्हा ओवला तरी पुष्कळदा काम भागतं.

आता त्या गोड गोष्टीकडे येऊ. बायको शिवताना बघणारा नवरा दुसराच होता. त्याचं नाव एलियास होवे. तो आजारी असायचा आणि त्याची बायको एलिझाबेथ रात्र रात्र लोकांचं शिवण शिवून मुलं पोसायची. तिला बघूनच त्याला मशीन सुचलं, असं म्हणतात. त्याचं पेटंट 10 सप्टेंबर 1846 चं, म्हणजे सिंगरच्या आधीचं. ते विकायला तो इंग्लंडला गेला आणि कफल्लक होऊन परतला, तेव्हा एलिझाबेथ क्षयाने शेवटच्या घटका मोजत होती. 1849 मध्ये ती गेली. पुढे होवेने सिंगरवर खटला भरला आणि 1854 मध्ये सिंगरला 15,000 डॉलर मोजावे लागले. होवे श्रीमंत झाला, पण जिच्यासाठी हे सगळं झालं ती ते बघायला राहिली नव्हती. या सगळ्या इतिहासात मला तीच जास्त आठवत राहते.

सिंगरला बायकांच्या कष्टांचं काही पडलेलं नव्हतं, पैसा हवा होता, आणि हे तो स्वतःही लपवत नसे. झीबर आजारी पडला तेव्हा, डॉक्टर म्हणतात तू यातून उठणार नाहीस, असं सांगून त्याने 6000 डॉलरमध्ये त्याचा वाटा घेऊन टाकला. झीबर बरा झाला! मग भागीदार म्हणून एडवर्ड क्लार्क हा वकील राहिला. तो सिंगरपेक्षा हुशार. मशीन शंभर-सव्वाशे डॉलरचं आणि साध्या कुटुंबाची वर्षाची कमाई पाचशेच्या आसपास, घेणार कोण? क्लार्कने 1856 मध्ये हप्ते सुरू केले. थोडे पैसे आधी, बाकी महिन्याच्या महिन्याला. 1855 मध्ये 883 मशीनं खपली होती, 1856 मध्ये 2,564. आपल्याकडे भिशीतून, हप्त्यावर वस्तू घ्यायची जी सवय आहे, तिचं हे जुनं भावंडच म्हणायचं. क्लार्क जुन्या मशीनच्या बदल्यात पन्नास डॉलरची सूटही द्यायचा, आणि घेतलेली जुनी मशीनं सरळ मोडून टाकायचा, म्हणजे ती पुन्हा कुणी वापरायला नकोत.

घरात काय चाललं होतं? मेरी अ‍ॅनला दहा मुलं झाली. कॅथरीनशी घटस्फोट झाला तो 1860 मध्ये. मेरी अ‍ॅनला वाटलं, आता तरी लग्न होईल. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर तिला तो घोडागाडीत दुसऱ्याच बाईबरोबर दिसला. त्या बाईपासून त्याला पाच मुलं होती, आणि आणखी एका तिसऱ्या घरी एक मुलगी. मेरी अ‍ॅनने जाब विचारला तर त्याने तिला आणि मुलीला मारलं. तिने त्याला अटक करवली. जामिनावर सुटून तो युरोपला निघून गेला. 1863 मध्ये त्याने इसाबेला बॉयर या तरुणीशी लग्न केलं आणि पुढे इंग्लंडमध्ये पेंटन इथे राजवाड्यासारखं घर बांधायला काढलं. ते पुरं होण्याआधीच 23 जुलै 1875 रोजी तो वारला. मुलं दोन डझनांच्या आसपास, इस्टेट एक कोटी तीस लाख डॉलरच्या घरात. घटस्फोटाच्या खटल्यात आईच्या बाजूने बोललेल्या मुलाला त्यातले फक्त 500 मिळाले. मेरी अ‍ॅन कोर्टात गेली, पण त्याची विधवा म्हणून तिला कुणी मानलं नाही.

त्याच सुमाराला सिंगरची मशीनं हिंदुस्थानात यायला लागली. इथला व्यवसाय अनेक वर्षं नसरवानजी मेरवानजी पटेल या मुंबईच्या पारशी गृहस्थांनी सांभाळला. पुढे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा प्रचंड कारखाना 1885 मध्ये सुरू झाला, तो 1980 मध्ये बंद पडला. पण तिथली मशीनं अजून चालतात. पाटावर उजव्या बाजूला एक नंबर कोरलेला असतो, त्यावरून ते कोणत्या साली आणि कोणत्या कारखान्यात झालं ते कळतं. अगदी सुरुवातीच्या मशीनचे भाग कानशीने घासून त्या त्या मशीनला बसवलेले असायचे, एकाचा भाग दुसऱ्याला चालायचा नाही. नंतरच्या मशीनचं तसं नाही, म्हणून आजही सुटे भाग मिळतात.

आमच्या बचत गटाच्या वर्गात असं एक सिंगर आहे. अडलं की ते स्टँडवरून काढायचं, गोणपाटात गुंडाळायचं आणि एसटीने तालुक्याला न्यायचं. दहा-बारा किलोचं तरी आहे, त्यामुळे दोघी लागतात. कंडक्टर कधी सामानाचं तिकीट फाडतो, कधी आईचं मशीन आठवून सोडून देतो. दुरुस्तीवाले चाचा आधी चाक हाताने फिरवून बघतात. जड फिरलं की विचारतात, तेल कुठलं घातलं? बहुतेक वेळा कुणीतरी खोबरेल घातलेलं असतं. ते थंडीत थिजतं आणि पुढे डिंकासारखं चिकटून बसतं. मग ते रॉकेलने धुवायचं, पुसायचं आणि मशीनचं पातळ तेल प्रत्येक छिद्रात एकेक थेंब घालायचं. दात्यांखालची पट्टी काढली की तंतूंची चक्क गादी निघते. शेवटी बोथट सुई बदलून चाचा चिंधीवर एक टीप मारून दाखवतात, वरून आणि खालून. गेल्या खेपेला त्यांनी एवढ्या सगळ्याचे घेतले ऐंशी रुपये, आणि चामड्याचा पट्टा अजून दोन वर्षं चालेल म्हणून नवा घालू दिला नाही.