देणगी आणि सही

यवतमाळलगतच्या लोहाऱ्यासारख्या गावात सभा भरवावयाची म्हटली की सर्वप्रथम वर्गणीची वही निघते. मंडप, बिछायत, पाहुण्यांचा प्रवासखर्च, जेवणावळ यांची गोळाबेरीज होते आणि मग वहीत पहिले नाव कोणाचे घालावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. तो केवळ मानापानाचा प्रश्न नव्हे. पैसा ज्याचा, शब्द त्याचा, हा व्यवहार समाजसुधारणेच्या कार्यालाही चुकलेला नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे.

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखिंडी संस्थानात एका मराठा वारकरी कुटुंबात झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर ते प्रार्थना समाजाकडे वळले. १९०१ मध्ये युनिटेरियन पंथीयांच्या शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मशास्त्राच्या अध्ययनासाठी गेले. सयाजीराव गायकवाडांचे साहाय्य त्यांना विद्यार्थिदशेपासून लाभले होते. १९०३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे उदार धर्मपंथीयांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तीत हिंदुस्थानातील उदार धर्मावर त्यांनी निबंध सादर केला. परक्यांच्या पैशावर शिकलेला हा तरुण मायदेशी परतला तो धर्मप्रचारक म्हणून. परंतु ज्यांना देवळाची पायरीही वर्ज्य होती, त्यांची वस्ती पाहिल्यावर नुसत्या प्रवचनावर त्याचे समाधान होईना.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशन, स्थापन झाली. न्यायमूर्ती नारायण चंदावरकर अध्यक्ष झाले आणि शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी प्रारंभीचे एक हजार रुपये दिले. त्या रकमेतून परळला शाळा सुरू झाली. येथूनच शिंदे यांच्या आयुष्यातील खडतर पर्व सुरू होते. देणगी एकदा मिळते, शिक्षकाचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. उद्‌घाटनाला हजर राहणारे पुष्कळ असतात, तिसऱ्या वर्षाच्या घरभाड्याची चिंता वाहणारा एखादाच. शिंदे यांनी ही चिंता सतरा वर्षे वाहिली. संस्थानिक, गिरणीमालक, व्यापारी, सरकारी अधिकारी अशा सर्वांचे उंबरठे त्यांनी झिजविले. त्यांच्या भगिनी जनाक्का याही या कार्यात उतरल्या. पुण्यात पुढे जे अहिल्याश्रम उभे राहिले, त्यासाठी इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी वीस हजार रुपये दिले.

पैसा असा मिळत गेला, परंतु पैसा देणारा अस्पृश्यता सोडतोच असे नाही, ही गोष्ट शिंदे यांच्या ध्यानात आली होती. २३ व २४ मार्च १९१८ रोजी मुंबईत त्यांनी अखिल भारतीय अस्पृश्यता निवारण परिषद भरविली. अध्यक्षस्थानी सयाजीराव महाराज होते. लोकमान्य टिळकांनी तेथे अस्पृश्यतेचा कडक शब्दांत निषेध केला. मात्र शिंदे यांना केवळ भाषण नको होते. आपण स्वतः दैनंदिन व्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही, अशा आशयाचे प्रतिज्ञापत्र त्यांनी पुढाऱ्यांपुढे ठेवले. त्यावर अनेकांनी सह्या केल्या, लोकमान्यांची सही मात्र झाली नाही. त्या दिवशी परिषदेच्या खर्चापेक्षा एक सही महाग ठरली. देणगीने खिसा किंचित हलका होतो, सहीने घरचे स्वयंपाकघर आणि पाणवठा खुला करावा लागतो.

परंतु हिशेबाची दुसरीही बाजू होती, आणि ती शिंदे यांच्यावरच उलटली. उच्चवर्णीयांच्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेत निर्णयही त्यांचेच राहणार, ही शंका अस्पृश्य समाजातील जागृत तरुणांना सतावू लागली. जानेवारी १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढले. त्यालाही शाहू छत्रपतींनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते, परंतु लेखणी आणि धोरण आंबेडकरांचे होते. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस नागपुरास शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत परिषद भरली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कसे नेमावेत यासंबंधीच्या मिशनच्या भूमिकेला तेथे उघड विरोध झाला. ज्यांच्यासाठी आयुष्य वेचले त्यांच्याकडूनच हा नकार यावा, हे दुःख लहान नव्हते. १९२३ मध्ये शिंदे मिशनच्या कारभारातून बाजूला झाले. पुढे सविनय कायदेभंगात त्यांनी कारावास भोगला, १९३३ मध्ये ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात देह ठेवला.

हा पेच केवळ महाराष्ट्राचा नव्हे. अमेरिकेत १९५७ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांच्या सहकारी कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी दक्षिणेतील चर्चच्या बळावर आपली परिषद स्थापन केली. उत्तरेकडील गौरवर्णीय उदारमतवाद्यांच्या देणग्याही तिला मिळत. परंतु १९६७ मध्ये किंग यांनी व्हिएतनाम युद्धाला जाहीर विरोध करताच अनेक जुने सहानुभूतीदार दुरावले. देणगीदाराची सहानुभूती त्याच्या सोयीच्या कुंपणापाशी थांबते, हा अनुभव दोन्ही खंडांत सारखाच आला.

तेव्हा शिंदे यांनी हात पसरले यात उणेपणा नाही. त्यांनी पसरलेल्या हातावर शेकडो मुले शिकली, आणि आपला वाटा मागण्याचे धैर्य त्या शिक्षणातूनही आले. संस्था मोठी होते तेव्हा ती ज्यांची आहे त्यांच्या हाती किल्ली जावी लागते, आणि किल्ली सोडणे हे देणगी मिळविण्यापेक्षा अवघड कर्म आहे. गावोगावी आजही जयंतीच्या, परिषदेच्या वर्गणीच्या वह्या फिरतात. रकमांचा रकाना भरलेला असतो. त्याच्या शेजारी शिंदे यांच्या प्रतिज्ञापत्राचा रकाना आखला, तर किती सह्या पडतील?