बाळशास्त्री जांभेकर : मुलांसाठी लिहिणारे गणिताचे शिक्षक

६ जानेवारीला आपण पत्रकार दिन साजरा करतो. बाळशास्त्रींच्या तसबिरीला हार घालतो, भाषणात 'दर्पण'चं नाव घेतो. १८३२ साली याच दिवशी त्यांनी ते वृत्तपत्र सुरू केलं. पण ते पोटापाण्यासाठी काय करायचे, असं मी कल्याणच्या माझ्या वर्गात विचारलं तेव्हा एकही हात वर आला नाही. खरं सांगायचं तर डी.एड. होईपर्यंत मलाही ते ठाऊक नव्हतं. ते शिक्षक होते, गणिताचे!

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ साली कोकणात पोंभुर्ले या गावी झाला. हे गाव आता सिंधुदुर्ग जिल्ह्यात देवगड तालुक्यात येतं. वडील गंगाधरशास्त्री पुराणिक होते, त्यामुळे संस्कृत घरीच झालं. पुढे मुंबईत सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्याकडे ते शिकले. छत्र्यांनी इसापच्या गोष्टी आणि 'बालमित्र' ही पुस्तकं मराठीत आणली होती. मुलांसाठी मराठीत पुस्तक कसं घडतं, हे बाळशास्त्रींना असं लहानपणीच पाहायला मिळालं.

१८३४ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, ते एल्फिन्स्टन संस्थेत साहाय्यक प्राध्यापक झाले. तिथे या पदावरचे ते पहिलेच भारतीय. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी लाड ही त्यांच्या हाताखालची मुलं. काही काळ कुलाबा वेधशाळेचं कामही त्यांच्याकडे होतं.

कॉलेजात इंग्रजीतून शिकवायचं ठीक. पण मराठी शाळेतल्या पोरांच्या हातात द्यायचं काय? छापील पुस्तकं बोटांवर मोजण्याइतकी. मग ते स्वतःच लिहायला बसले. 'बालव्याकरण', 'नीतिकथा', भूगोलाचं पुस्तक, इतिहासाचं पुस्तक. 'शून्यलब्धी' हे कलनशास्त्रावरचं पुस्तकही त्यांचंच. एवढं अवघड गणित मराठीत मांडणारा माणूस लहान मुलांसाठी व्याकरण सोपं करून लिहितो, हे मला फार मोठं वाटतं.

१८४० मध्ये 'दर्पण' बंद झालं आणि त्याच वर्षी त्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक काढलं. मराठीतलं हे पहिलं मासिक. त्यात भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र असे विषय असत आणि सोबत नकाशे नि आकृत्या! आज आपल्या परिसर अभ्यासाच्या प्रत्येक पानावर चित्र असतं, म्हणून त्याचं काही वाटत नाही. पण ग्रहण नुसतं तोंडी सांगितलं तर वर्ग माना डोलावतो. फळ्यावर तीन गोल काढले की लगेच प्रश्न सुरू होतात. ही गोष्ट त्या माणसाला १८४० मध्येच उमगली होती.

सगळं सुरळीत मात्र चाललं नाही. १८४३ साली श्रीपत शेषाद्री हा मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहिला म्हणून समाजाने त्याला बाहेर टाकलं. बाळशास्त्रींनी त्याला परत जातीत घेण्याची खटपट केली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. तरी शिकवणं, लिहिणं थांबलं नाही. शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलचे ते संचालक होते, म्हणजे आम्हा डी.एड.वाल्यांचे ते पूर्वजच म्हणा ना.

मे १८४६ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. वय फक्त ३४. आपल्या कल्याणला आगगाडी आली ती त्यानंतर ८ वर्षांनी. त्यांचे विद्यार्थी केरो लक्ष्मण छत्रे पुढे पुण्यात प्राध्यापक झाले आणि त्यांनी शाळकरी मुलांसाठी अंकगणित आणि पदार्थविज्ञान मराठीत लिहिलं.