ओळखपत्र : एक फुटकं गाडगं

थंडीच्या दिवसांत रात्री उशिरा जळगाव स्टेशनवर किंवा धुळ्याच्या एसटी स्टँडवर कधी थांबलायत? सातपुड्यातून कामाला निघालेली कुटुंबं बोचक्यांना टेकून झोपलेली दिसतात, लेकरं गोधडीत गुंडाळलेली. बेघरांसाठी निवारागृह असतं, हेच अनेकांना ठाऊक नसतं. ठाऊक असलं तरी दारात आधार कार्ड मागतील ही धास्ती. ज्याला घरच नाही त्यानं आधारवर पत्ता कुठला टाकायचा? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही उत्तर प्रदेश सरकारला जवळपास हेच विचारलं होतं.

आपल्या शेजारच्या वऱ्हाडात शंभरेक वर्षांपूर्वी असाच एक माणूस फिरत होता. ना कागद, ना पत्ता. नावही तो सांगत नसे.

त्याचं खरं नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात, परिटाच्या घरी. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे आली. तिथं डेबूनं गुरं राखली, मग शेती अंगावर घेतली, लग्न झालं, मुलं झाली. मामाची जमीन सावकारानं कशी घशात घातली तेही त्यानं पाहिलं. आणि १ फेब्रुवारी १९०५च्या पहाटे तो घरातून निघाला.

पुढची बारा वर्षं नुसती भटकंती. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि एक फुटकं गाडगं. त्यातच जेवायचं, त्यातच पाणी प्यायचं, ऊन लागलं की तेच डोक्यावर. कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, काही सांगायचं नाही. लोक वेडा समजून हाकलायचे. हा मात्र भाकर मागण्याआधी गाव झाडून काढायचा. शेवटी लोकांनीच त्या गाडग्यावरून नाव ठेवलं, गाडगेबाबा.

स्वच्छता आणि कीर्तन, एवढेच गाडगेबाबा आपल्याला शाळेत भेटतात. मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं काम धर्मशाळांचं. दारादारांतून हाकलला गेलेला माणूस परक्यांसाठी छप्परं उभी करत सुटला, हे मला योगायोग वाटत नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू. पंढरपुरात तर वारीला आलेल्या अस्पृश्यांना कुणी ओसरीवरही टेकू देत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. तिथंच मराठा आणि परीट अशाही धर्मशाळा त्यांनी उभारल्या. जात न मानणाऱ्या माणसानं जातीच्या नावानं इमारती का बांधल्या, हे खटकतं, खटकायलाच हवं. पण त्या काळी जातीवरूनच दार उघडायचं किंवा बंद व्हायचं, आणि ज्याला कुणीच आत घेत नव्हतं त्याच्या नावाचंही एक दार बाबांनी उघडून दिलं. १९४९ मध्ये ही चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली.

मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी पेशंटच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा काढली. खेड्यातून पहिल्यांदा मुंबईत आलेला माणूस, घरचं माणूस खाटेवर आणि स्वतः फुटपाथवर. ते बाबांनी पाहिलं होतं. आज दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयाचे कॅन्सर पेशंट उतरतात. खानदेशातून रात्रीची गाडी पकडून टाटाला जाणाऱ्या घरांना हा पत्ता वेगळा सांगावा लागत नाही.

लाखोंच्या इमारती झाल्या, पण बायको कुंताबाई झोपडीत राहिल्या. संस्थांवर नातेवाइकांचा हक्क बाबांनी ठेवलाच नाही. स्वतःही ते त्या धर्मशाळांच्या खोल्यांत रमले नाहीत. मुक्काम कुठंतरी बाहेर, झाडाखाली.

२० डिसेंबर १९५६ला अमरावतीकडे जाताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी, गाडीतच त्यांचा प्राण गेला. प्रवासातच होते.