परळचे हाफकिन

वाचकहो, परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आपण ऐकले असेलच. 1925 साली ज्यांचे नाव तिला दिले गेले, ते वाल्डेमार हाफकिन 1860 साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात जन्मले. तेथील विद्यापीठात मेचनिकॉफ यांच्या हाताखाली शिकून ते पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. सुरुवातीस काम मिळाले ते ग्रंथालयात!

1896 साली मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व व्हरांडा, एवढीच त्यांची प्रयोगशाळा. जंतू वाढवायचे, उष्णतेने मारायचे आणि ते मृत जंतू टोचून शरीराला खऱ्या शत्रूची ओळख आधीच करून द्यायची, अशी ही युक्ती. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. लोक सुईला भीत होते. तेव्हा आगाखान तिसरे यांनी स्वतः लस घेऊन खोजा समाजापुढे उदाहरण घातले. (आमच्या विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगतो.)

1902 साली पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्या माथी मारून त्यांना दूर करण्यात आले. वास्तविक बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी आवाज उठविल्यावर 1907 साली ते निर्दोष ठरले. पुन्हा नेमणूक झाली, पण कलकत्त्यास. परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. 1930 साली लोझान येथे ते वारले.